सागादा : डोंगरमाथ्यावरील एक ख्रिस्ती गाव

फिलिपिन्स म्हटले की आपल्यापुढे समुद्र, नारळीची बने आणि स्पॅनिश अमदानीतील रोमन कॅथोलिक चर्चे उभी राहतात. हे चित्र चुकीचे नाही. पण ते किनाऱ्यावरचे व सखल भागाचे आहे. लुझोन बेटाच्या उत्तर भागात कॉर्डिलेरा नावाची पर्वतरांग आहे. तिच्या कुशीत सागादा हे छोटेसे गाव वसले आहे. तेथे नारळाऐवजी पाइनची झाडे आहेत, हिवाळ्यात अंगावर शाल घ्यावी लागते आणि गावाच्या मध्यभागी दगडी बांधणीचे अँग्लिकन मंदिर आहे. रोमन कॅथोलिकांच्या देशात हे बहुसंख्य अँग्लिकनांचे गाव कसे निर्माण झाले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र भूगोलापासून सुरू होते.

या गावाची व माझी ओळख पुस्तकांतून झाली, आणि तीही एका शब्दाच्या निमित्ताने. एका आदिवासी बोलीतील भाषांतराच्या कामात 'शब्बाथ' या शब्दापाशी आम्ही अडलो होतो. मराठीत आपण मूळ हिब्रू शब्दच ठेवला आणि पिढ्यानपिढ्यांच्या वापराने तो आपलासा झाला. पण ज्या लोकांनी तो कधी ऐकलाच नाही, त्यांच्यासाठी काय लिहावे? साऱ्या समाजाने मिळून पाळावयाच्या विश्रांतीच्या दिवसाला इतर डोंगरी समाजांत कोणते शब्द आहेत, हे शोधता शोधता मी सागादाच्या 'उबाया'पर्यंत पोहोचलो. त्या शब्दाकडे पुढे वळू. आधी गाव पाहू.

स्थान आणि भूमी

सागादा साधारण सतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्याच पट्ट्यात. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,५०० मीटर, महाबळेश्वरापेक्षा थोडी अधिक. माउंटन प्रॉव्हिन्स या प्रांतातील ही एक नगरपालिका असून तिच्यात १९ 'बारांगाय' म्हणजे वाड्या किंवा प्रभाग आहेत. क्षेत्रफळ सुमारे ८३ चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेअकरा हजारांच्या आसपास भरली. आपल्याकडील एखाद्या मोठ्या खेड्याएवढीच ही वस्ती, पण दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली.

प्रांताचे मुख्य ठिकाण बोंतोक. ते सागादाच्या पूर्वेस, चिको नदीच्या काठी आहे. चिको ही डाटा पर्वतावर उगम पावते, उत्तरेकडे कालिंगा प्रांतातून वाहत जाते आणि पुढे देशातील सर्वांत लांब नदी कागायान हिला मिळते. सागादाच्या भूमीवरचे पाणी शेवटी याच खोऱ्यात उतरते. बागियो या थंड हवेच्या शहरापासून बोंतोककडे येणारा रस्ता हाल्सेमा महामार्ग म्हणून ओळखला जातो. अमेरिकन अमदानीतील अभियंते आणि बागियोचे महापौर युसेबियस हाल्सेमा यांचे नाव त्याला दिले आहे. अटोक येथे हा रस्ता २,२०० मीटरांहूनही उंच चढतो. पावसाळ्यात, विशेषतः चक्रीवादळांच्या दिवसांत, दरडी कोसळून तो वारंवार बंद पडतो. १६ जुलै १९९० च्या भीषण भूकंपात बागियो उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्या भागातील घाटरस्त्यांची फार हानी झाली.

सागादाचा पाया चुनखडीच्या खडकाचा आहे. हा खडक कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी प्रवाळांपासून घडला आणि भूगर्भातील उलथापालथीने दीड हजार मीटर वर उचलला गेला. म्हणून गावात उभे करडे सुळके आहेत, पोटात गुहा आहेत आणि त्या गुहांतून वाहणारे झरे आहेत. सुमागिंग व लुमियांग या त्यांतील दोन प्रसिद्ध गुहा. चुनखडीच्या प्रदेशात पावसाचे पाणी वर टिकत नाही, ते भेगांतून खाली निघून जाते. त्यामुळे जेथे झरा बाहेर पडतो तेथे भातखाचरे, आणि झऱ्याच्या वर राखलेले जंगल, अशी येथील जमिनीची मांडणी झाली आहे.

हे जंगल पाइनचे. शिलाँगला राहिलेल्या वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. सागादाचा पाइन व आपल्या मेघालयातील खासी टेकड्यांवरचा पाइन ही एकाच जातीची झाडे आहेत. शास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या 'पायनस केसिया' या नावात खासी हेच नाव दडलेले आहे. सागादात या जंगलाचे पुष्कळसे भाग 'बाटांगान' म्हणून कुळाकुळांकडे असतात. कुळातील माणसाला घरासाठी लाकूड मिळते. पण झाडे राखण्याची, आग लागल्यास धावून जाण्याची जबाबदारीही कुळाचीच. कागदावरील मालकीपेक्षा ही व्यवस्था जुनी आहे.

दगडी बांधांची भातखाचरे उतारांवर जिन्यासारखी रचलेली आहेत. त्यांच्या जोडीला रताळी, घेवडा, आणि आता कोबी, बटाटे, संत्री, कॉफी. किल्तेपान नावाच्या उंचवट्यावरून ही खाचरे आणि पहाटेचे धुके पाहावयास लोक जातात. हे नाव किलोंग, तेतेपान व अंतादाव या तीन वाड्यांच्या नावांतून जुळवलेले आहे.

लोक, भाषा आणि दाप-आय

सागादाचे लोक कंकनाय भाषेची उत्तरेकडील बोली बोलतात. ही भाषा मलाय, हवाईयन, मादागास्करातील मालागासी यांच्या विशाल ऑस्ट्रोनेशियन कुळातील आहे. शेजारच्या सखल प्रदेशाशी व्यवहार इलोकानो भाषेत होतो आणि मिशनच्या शाळेमुळे इंग्रजीही येथे पूर्वीपासून रुळलेली आहे.

डोंगरावरील या सर्व समाजांना बाहेरचे लोक 'इगोरोत' म्हणतात. त्याची फोड सोपी आहे. 'गोलोत' म्हणजे डोंगर आणि आधी लागलेला 'इ' म्हणजे 'तेथला'. सागादाचा माणूस स्वतःला 'इसागादा' म्हणवतो. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. आपला 'कर' शब्दाच्या शेवटी येतो, त्यांचा 'इ' आरंभी येतो, एवढाच फरक. इसागादा म्हणजे सागादाकर. निरुपद्रवी असा हा 'डोंगरकर' शब्द सखल प्रदेशात मात्र दीर्घकाळ शिवीसारखा वापरला गेला. आज अनेक डोंगरवासी तो अभिमानाने स्वीकारतात. काहींना अजूनही तो बोचतो.

जुन्या सागादाचे हृदय म्हणजे 'दाप-आय'. दगडांनी फरसबंद केलेली गोलसर जागा, कडेने बसावयाचे दगड, मध्ये शेकोटी आणि बाजूला एक बुटकी झोपडी. प्रत्येक वस्तीला आपापला दाप-आय असे. वयात येणारे मुलगे रात्री तेथे झोपत आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून कुळकथा, रीतिरिवाज, जमिनीच्या सीमा शिकत. तंटे तेथेच मिटत. पेरणी-कापणीचे विधी तेथूनच ठरत. आपल्या गावचा पार, चावडी आणि वेशीतले देऊळ ही तिन्ही एकत्र केली तर दाप-आयची थोडीशी कल्पना येईल.

दाप-आयचे वृद्ध 'उबाया' जाहीर करतात. त्या दिवशी कोणी शेतावर जावयाचे नाही, गावाबाहेर कामास जावयाचे नाही, मोडणाऱ्यास दंड. लावणी संपल्यावर, कापणीच्या आधी, एखाद्या अशुभ घटनेनंतर असा दिवस येतो. 'बेगनास' या सामुदायिक उपकारस्तुतीच्या उत्सवातही उबाया पाळतात. उत्तरेकडील फिदेलिसान वस्तीत उबाया असला की तिच्यातून बोमोद-ओक धबधब्याकडे जाणारी वाट पर्यटकांना बंद होते. धबधबा पाहावयास दूरदेशाहून आलेला माणूसही परत फिरतो.

पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत 'मोडा पाळणे' म्हणतात, त्याच्याशी याचे विलक्षण साम्य आहे. त्या वारी बैल जुंपायचे नाहीत, शेतात औत घालायचे नाही. आता उबाया म्हणजे शब्बाथ काय? माझे उत्तर 'नाही' असेच आहे. शब्बाथ सातव्या दिवशी ठरल्याप्रमाणे येतो, त्याला वृद्धांच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, आणि त्याच्या मागे सृष्टीच्या उत्पत्तीचा व गुलामगिरीतून सुटकेचा स्मरणार्थ आहे. उबायाच्या मागे पुष्कळदा भय असते. तथापि साऱ्या गावाने एकाच वेळी हात थांबवावे, श्रीमंताचे शेतही त्या दिवशी गरिबाच्या शेताएवढेच रिकामे राहावे, हा अनुभव ज्यांच्या हाडीमांसी भिनला आहे त्यांना शब्बाथ समजावणे शहरी माणसापेक्षा सोपे आहे. आमच्या त्या बैठकीत आम्ही अखेर शब्द शब्बाथच ठेवला आणि तळटीप दिली. तळटीप सुचली ती मात्र उबायामुळे.

दुसरा एक शब्द 'इनायान'. अन्याय करू पाहणाऱ्याला, म्हाताऱ्याला उलट बोलणाऱ्याला, पाणी नासवणाऱ्याला सागादात एवढेच म्हणतात. 'असे करू नकोस, पाप लागेल' हे आपल्या आज्या म्हणत, त्याच्या जवळचा हा शब्द आहे. दंड करणारा कोणी हजर नसताना माणसाला आवरणारा हा शब्द शुभवर्तमान येण्यापूर्वीच या डोंगरांत नांदत होता.

स्पॅनिश काळ

स्पॅनिश लोक सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुझोनमध्ये स्थिरावले. कॉर्डिलेरात सोने आहे ही वार्ता त्यांना लवकरच लागली. १६२० च्या दशकात सोन्याच्या शोधात सशस्त्र मोहिमा डोंगरांत शिरल्या, पण टिकून राहू शकल्या नाहीत. अरुंद वाटा, पाऊस, रसदीचा अभाव आणि मुख्यतः लोकांचा प्रतिकार यांमुळे किनाऱ्यावर शेदीडशे वर्षांत जे घडले ते डोंगरावर तीन शतकांतही घडले नाही. बोंतोकला लष्करी ठाणे बसले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, आणि सागादात स्पॅनिश मिशन पोहोचले ते त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. १८९८ मध्ये स्पेनची सत्ताच संपली. त्यामुळे सागादावर स्पॅनिश छाप फारशी उमटली नाही. कॉफीचे पीक आणि एकदोन कुटुंबांची आडनावे एवढेच काय ते मागे राहिले.

गावाच्या नावाविषयी एक कथा सांगतात. मासे पकडण्याची टोपली घेऊन निघालेल्या एका माणसाला स्पॅनिश शिपायाने गावाचे नाव विचारले. त्या माणसाला वाटले, टोपलीचे नाव विचारतो आहे. तो म्हणाला, 'सागादा'. कथा खरी असो वा नसो, भाषांतरकाराने ती आपल्या मेजासमोर लावून ठेवावी अशी आहे.

मिशनचे आगमन

स्पेनच्या जागी अमेरिका आली. त्यांच्याबरोबर एपिस्कोपल चर्चचे पहिले मिशनरी बिशप चार्ल्स हेन्री ब्रेंट १९०२ मध्ये मनिलात उतरले. त्यांची भूमिका त्या काळी अनेक मिशनरी मंडळ्यांना रुचली नाही. रोमन कॅथोलिक वेदीपुढे आपली दुसरी वेदी मांडावयाची नाही, जेथे शुभवर्तमान पोहोचलेलेच नाही तेथेच जावयाचे, असे त्यांनी ठरवले. म्हणून त्यांची माणसे मनिलातील चिनी लोकांत, दक्षिणेकडील मुसलमानांत आणि उत्तरेकडील डोंगरांत गेली. सागादा अँग्लिकन का झाले, याचे निम्मे उत्तर येथे आहे.

बोंतोकला वॉल्टर क्लॅप हे धर्मगुरू आधीच पोहोचले होते. त्यांनी बोंतोक लोकांच्या भाषेचा शब्दसंग्रह तयार केला. तो १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या व्यवसायाच्या माणसाला या क्लॅपविषयी अधिक लिहावेसे वाटते, पण सागादाच्या कथेत मुख्य पात्र वेगळे आहे.

ते म्हणजे जॉन स्टाँटन. खाणकामाचे अभियांत्रिकी शिक्षण घेतलेले हे धर्मगुरू १९०४ मध्ये पत्नीसह सागादास आले. पत्नी एलायझा परिचारिका होत्या. स्टाँटन यांनी करवती गिरणी उभारली, चुन्याची भट्टी लावली, दगडाची खाण उघडली. पुढे शाळा, दवाखाना, दुकान, छापखाना आले. गावच्याच डोंगराचा दगड, गावच्याच भट्टीचा चुना आणि गावच्याच माणसांचे हात यांतून संत मरिया कुमारिका मंदिर उभे राहिले. १९२१ मध्ये त्याचे समर्पण झाले. स्टाँटन यांची उपासनापद्धती उच्च परंपरेची होती, धूप, वस्त्रे, मेणबत्त्या, घंटा यांनी युक्त. ज्या समाजाच्या स्वतःच्या विधींत धूर, घंटानाद आणि सामुदायिक भोजन होते, त्याला ही उपासना परकी वाटली नाही.

स्टाँटन हा विषय सोपा नाही. त्यांनी लोकांना कसब दिले, मजुरी दिली, अक्षरओळख दिली. परंतु ख्रिस्ती होणे आणि पाश्चात्य तऱ्हेने 'सुधारणे' यांत ते फरक करीत नव्हते. मिशनच्या आर्थिक पसाऱ्यावर आणि त्यांच्या उपासनापद्धतीवर त्यांच्याच चर्चमध्ये टीका होत राहिली. ब्रेंट १९१८ मध्ये अमेरिकेस परतल्यावर त्यांचा पाठीराखा उरला नाही. १९२५ च्या सुमारास स्टाँटन यांनी सागादा सोडले. पुढे ते रोमन कॅथोलिक झाले.

स्टाँटन सागादात आले त्याच १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे हजाराहून अधिक फिलिपिनो माणसे आणून 'मांडली' होती. त्यांत बोंतोकचे आणि कंकनाय भाषिक इगोरोतही होते. लोक तिकीट काढून त्यांना पाहावयास येत. एकाच राष्ट्राने एका हाताने मिशनरी पाठविला आणि दुसऱ्या हाताने त्याच डोंगरातील माणसांना कुंपणात बसवून दाखविले, हे मिशनच्या इतिहासाचे धडे देताना आपण सांगत नाही. सांगावयास हवे.

या काळाची साक्ष छायाचित्रांत आहे. स्पॅनिश पिता आणि कंकनाय माता यांच्या पोटी सागादातच १९०९ मध्ये जन्मलेले एदुआर्दो मासफेरे यांनी १९३० ते १९५० च्या दशकांत डोंगरवासीयांची जी छायाचित्रे घेतली, त्यांत माणसे कॅमेऱ्याकडे शेजाऱ्याकडे पाहावे तशी पाहतात. १९८८ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले; १९९५ मध्ये ते निवर्तले.

दुसऱ्या महायुद्धात सागादाच्या मंदिराची हानी झाली. जपानी सेनापती यामाशिता याने अखेरचा आश्रय याच पर्वतरांगेत घेतला आणि शेजारच्या इफुगाओ प्रदेशातील कियांगान येथे २ सप्टेंबर १९४५ रोजी शरणागती पत्करली. युद्धानंतर मंदिर पुन्हा बांधून काढण्यात आले.

'अल्पसंख्य' कोणी केले?

१९५० च्या दशकात विल्यम हेन्री स्कॉट नावाचे अमेरिकन प्रापंचिक मिशनरी सागादातील मिशनच्या शाळेत शिक्षक म्हणून आले. शाळेत शिकविता शिकविता ते फिलिपिन्सच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक झाले. 'कलांतियावची संहिता' म्हणून शाळांतून शिकविला जाणारा प्राचीन कायदा बनावट आहे, हे त्यांनी १९६८ मधील प्रबंधात दाखवून दिले. १९७४ मध्ये इगोरोतांच्या स्पॅनिशकालीन इतिहासावरील त्यांचा ग्रंथ आला.

त्यांचा एक विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. डोंगरवासी व किनारावासी हे मुळात वेगळे वंश नाहीत, असे त्यांनी मांडले. ज्यांनी स्पॅनिश सत्ता मान्य केली ते कर भरणारे, बाप्तिस्मा घेतलेले, 'सुसंस्कृत' ठरले. ज्यांनी ती मान्य केली नाही ते पूर्वी होते तसेच राहिले आणि म्हणून 'रानटी' व 'अल्पसंख्य' ठरले. म्हणजे भेद रक्तातला नव्हता, तो इतिहासाने पाडला. 'आदिवासी' या शब्दाभोवती आपण जे समज जोपासतो, त्यांच्याजवळ हे विधान ठेवून पाहावे.

१९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारल्यावर स्कॉट यांना अटक झाली, देशाबाहेर घालविण्याचा खटला चालला आणि १९७३ मध्ये ते सुटले. ४ ऑक्टोबर १९९३ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांची कबर सागादाच्या मंदिराच्या दफनभूमीत आहे.

इकडे प्रशासनाच्या बाजूने, सागादास १९६३ मध्ये पूर्ण नगरपालिकेचा दर्जा मिळाला. १९६६ मध्ये जुन्या विशाल माउंटन प्रॉव्हिन्सचे चार प्रांत झाले आणि १९८७ मध्ये कॉर्डिलेरा प्रशासकीय विभाग स्थापन झाला. मात्र लोकांच्या आठवणीत राहिले ते चिको नदीवरील धरणांचे प्रकरण. १९७० च्या दशकात या नदीवर चार धरणांची योजना आली. बोंतोक व कालिंगा लोकांची गावे, खाचरे आणि पूर्वजांच्या कबरी पाण्याखाली जाणार होत्या. विरोध करणारे कालिंगा पुढारी मक्लीइंग दुलाग यांची २४ एप्रिल १९८० रोजी सैनिकांनी हत्या केली. त्यानंतर विरोध अधिकच पेटला आणि ती योजना सोडून द्यावी लागली. त्या वर्षांत डोंगरांत सैन्य व सशस्त्र बंडखोर यांच्या चकमकी होत, आणि मरत ते मधले गावकरी. १९८८ मध्ये सागादाच्या लोकांनी आपले गाव शांतिक्षेत्र म्हणून घोषित केले आणि दोन्ही पक्षांना शस्त्रांसह दूर राहावयास सांगितले.

मृतांची स्मृती

पर्यटकांना सागादा माहीत असते ते लोंबत्या शवपेटिकांमुळे. चुनखडीच्या कड्यावर, जमिनीपासून उंच, लाकडी पेट्या ठोकलेल्या दिसतात. लुमियांग गुहेच्या तोंडाशीही त्या रचलेल्या आहेत. काही पेट्या आखूड आहेत, कारण मृताला गर्भातील बाळासारखे गुडघे पोटाशी घेऊन ठेवीत. हा मान सर्वांना मिळत नसे. दीर्घ आयुष्य जगून, नातवंडे पाहून गेलेल्या वृद्धांसाठी तो होता. आता बहुतेकांचे दफन मंदिराच्या दफनभूमीतच होते. ती या कड्यांच्या वर, टेकडीवर आहे.

त्या टेकडीवर १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, 'पानाग-आपोय' होते. शब्दाचा अर्थ 'अग्नी पेटविणे'. पाइनच्या राळेने भरलेल्या लाकडाला 'सालेंग' म्हणतात. लोक या लाकडाचे तुकडे मंदिरात आणतात, धर्मगुरू उपासनेत त्यांना आशीर्वाद देतात, आणि सायंकाळी प्रत्येक कुटुंब आपापल्या कबरीपाशी शेकोटी पेटविते. किनाऱ्यावरचे कॅथोलिक मेणबत्त्या लावतात. येथे बाटांगानमधील पाइन जळतो. अंधार पडला की सारी टेकडी धगधगते आणि राळेचा काळा धूर दरीत उतरतो.

हा जुना विधी ख्रिस्ती वेष घालून आला आहे, की ख्रिस्ती सण सागादाची भाषा बोलतो आहे? मी दुसऱ्या मताचा आहे, परंतु पहिले मत धरणारे काही सहकारी मला आहेत आणि त्यांची शंका पोरकट नाही. पूर्वजांच्या आत्म्यांविषयीचे भय एका आशीर्वादाने नाहीसे होत नाही. एवढे मात्र खरे की जो समाज मृतांसाठी बाजारातून काही विकत न आणता आपल्याच राखलेल्या जंगलातून लाकूड आणतो, त्याला ते जंगल राखण्यास आणखी एक कारण मिळते.

आणि ते राखणे अलीकडे कठीण होत चालले आहे. कोबी-बटाट्याच्या शेतीसाठी उतार मोकळे होतात. २०१४ मध्ये निघालेल्या एका लोकप्रिय फिलिपिनो चित्रपटात किल्तेपानची पहाट दिसली, आणि त्यानंतर सुट्ट्यांत गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. चुनखडीच्या भूमीत पाणी मुळातच थोडे. पाहुण्यांच्या खोल्यांना लागणारे पाणी आणि खाचरांना लागणारे पाणी एकाच झऱ्याचे. नोंदणी, शुल्क, स्थानिक वाटाड्या सोबत असण्याची सक्ती असे नियम नगरपालिकेने केले आहेत. पानाग-आपोयच्या रात्री दिवेलागणीस कबरींमध्ये कॅमेरे घेऊन परके लोक फिरतात, याचा गावकऱ्यांना उपद्रव होतो. धबधब्याच्या वाटेवर उबायाचा दिवस मात्र अजून पाळला जातो, आणि त्या दिवशी वाटाडे पाहुण्यांना वेशीवरूनच परत आणतात.